स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: आराम खरा, पण कपच्या मापाचं आश्वासन नको

मान, खांदे आणि पाठ स्तनांच्या वजनानेच दुखत असतील, तर ही शस्त्रक्रिया आपलं काम चोख करते. खांद्यात रुतणारे ब्राचे पट्टे, पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत होणारी बुरशी आणि चरचर, धावताना बसणारी ओढ यांतला फरक पहिल्या काही आठवड्यांतच कळतो. मूळ दुखणं मणक्याचं असेल तर ते राहणारच. म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि नीट मापाची ब्राही वापरून पाहावी.

पूर्ण भूल देऊन साधारण 2 ते 4 तास लागतात. जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढतात. स्तनाग्र सहसा सुटं करत नाहीत, रक्तपुरवठा असलेल्या ऊतींच्या देठासकट वर सरकवतात. मध्यम आकाराला स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवतीची आणि तिथून खाली जाणारी उभी चीर पुरते. फार मोठ्या स्तनांना घडीतली आडवी चीरही लागते आणि व्रण उलट्या ‘टी’सारखा दिसतो. या दोन चिरा मिळतात तिथे ताण सर्वांत जास्त आणि रक्त कमी, त्यामुळे जखम बहुधा तिथेच उघडते. ड्रेसिंगने ती भरते, पण आठवडे जातात.

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू आधी आणि नंतर किमान 4 आठवडे बंद हवा. मिश्रीही तंबाखूच आहे. ती लावणाऱ्या बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि डॉक्टर सिगारेटबद्दल विचारून थांबतात! रक्त न पोचून स्तनाग्र काळं पडण्याचा, म्हणजे तिथली ऊती मरण्याचा, धोका यातूनच वाढतो.

या सेवेची सर्वांत कमजोर बाजू म्हणजे ‘तुम्हाला सी कप करून देतो’ हे बोलणं. कपचं माप कंपनीगणिक बदलतं. प्रत्येक बाजूने अंदाजे किती ग्रॅम काढणार, कोणती चीर देणार, हे विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, तेही पाहा. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजताना दूध कमी पडू शकतं, गरोदरपणात किंवा वजन वाढल्यावर आकार पुन्हा वाढू शकतो. मूल हवं असेल तर थांबण्याचा विचार जरूर करावा. व्रण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पुसले जात नाहीत. अंगावर पूर्वी केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर पसरलेला जाड, उंच व्रण, आला असेल तर तो दाखवा.

चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) हवी. काढलेली ऊती तपासणीला जाते का आणि तो खर्च पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी घ्या. विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. वैद्यकीय गरज असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, तरीही मंजुरीची खात्री नसते. फिजिओथेरपीची बिलं आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, दावा आधीच मंजूर करून घ्या.

घरी आल्यावर पुढून हुक असलेली, बिनतारेची ब्रा रात्रंदिवस 4 ते 6 आठवडे घालायची. तोवर भरलेली कळशी, भरला कुकर, कडेवरचं मूल उचलायचं नाही, वरच्या फळीवरचे डबे काढायचे नाहीत. पहिल्या दिवसात एकच बाजू अचानक सुजून टणक झाली, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावं.