साच्याचं प्लास्टर: आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत कपाचे साचे करायला घेतले, तेव्हा घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून छताला मारायच्या पीओपीची गोणी उचलली. पांढरी पूड ती पांढरी पूड, असा हिशेब. पहिल्या साच्यात स्लिप (पातळ मातीचा घोळ) ओतून चाळीस मिनिटं बसले, तरी कपाची भिंत पापडाएवढी. वर एका बाजूने चिकटलीही.

खरं कारण सांगितलं ते आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गणपती करणाऱ्या काकांनी. "अगं, मूर्तीने पाणी प्यायलं तर माझा रंग बिघडतो. तुला साचा तहानलेला हवा. दोघांचं प्लास्टर एक कसं चालेल?" साचा स्लिपमधलं पाणी ओढतो, म्हणून भिंत धरते, गुजरातेतल्याच थानगढला सॅनिटरीवेअर ओततात तेही याच जोरावर.

मग पॉटरीचं प्लास्टर मागवलं. दुप्पटीहून महाग, भाडं वेगळं. पण आता 12-15 मिनिटांत भिंत धरते आणि कप आपोआप सुटतो. पैसे वसूल.

तरी सगळ्यात कामाची वस्तू प्लास्टर नाही, वजनकाटा. आधी मी मुठीने अंदाजपंचे घालायचे. साच्याचे दोन अर्धे वेगवेगळ्या प्रमाणाचे झाले, की एक जास्त पाणी पितो, दुसरा कमी, आणि कप एका अंगाने जाड निघतो. आता 1 लिटर पाण्याला 1400 ग्रॅम प्लास्टर, ठरलेलं. त्याचा साधारण दीड लिटर गारा होतो. पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग बुडबुडे न उठवता ढवळायचं आणि धिरड्याच्या पिठाएवढं आलं की ओतायचं.

बाकी सामान घरातलंच. प्लास्टर ओतताना नमुन्याभोवती उभ्या करायच्या भिंतींना सुताराकडचे सनमायकाचे तुकडे, फटींना मातीची वळी, गाठी मोडायला चाळणी (आईची होती, आता माझी आहे). नमुना साच्यातून सुटायला साबणाचं घट्ट पाणी, तीनदा लावून स्पंजाने पुसायचं. व्हॅसलीन लावू नका, साच्याची भोकं बुजतात. आणि घमेलं मोरीत धुऊ नका. मी धुतलं होतं. प्लंबरने पाइपातून जे काढलं त्याला छिन्नी लागली. आता बादलीत धुते, खाली बसलेला गाळ कचऱ्यात.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मे महिन्यात गच्चीवर चार दिवसांत वाळणारा साचा जुलैत पंख्याखाली दोन आठवडे ओला. गालाला लावून गार लागला तर ओला समजायचा. मी मात्र वजन लिहून ठेवते. घाईने ओव्हनमध्ये घालायचा मोह झाला होता, पण 50 अंशांच्या वर प्लास्टरच भुसभुशीत होऊ लागतं. दुसऱ्या गोणीचं तोंड उघडं राहिलं, तिच्यात गुठळ्या झाल्या आणि त्यातून केलेला साचा नखाने खरवडला जात होता. तेव्हापासून प्लास्टर गव्हाच्या जुन्या कोठीत, पाटावर. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते, "त्यातलं पीठ घेऊ नका."

पहिल्या चांगल्या साच्यातून साठेक कप निघाले. कानाची कड आता बोथट झाली आहे. मूळ नमुना जपून ठेवला आहे. नवरात्रात गरबा सोडून इथे कोणाचं कामात लक्ष नसतं, तेव्हा नवा साचा दसऱ्यानंतर.