उन्हात बसून रंगवण्यासाठी कॉटन ब्लॉक

बाहेर बसून जलरंगात निसर्गचित्रं करायची तर १०० टक्के कॉटनच्या कागदाचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा) ब्लॉक, म्हणजे कागदांचा गठ्ठा, घ्या. पानं कडेने चिकटवलेली असतात, त्यामुळे कागद ताणून धरायला बोर्ड-टेप लागत नाही. वाईच्या घाटावर एप्रिलच्या उन्हात साध्या कागदावरचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) मध्येच वाळतो आणि रेघा उमटतात. कॉटन ओल धरतो, आकाश सलग उतरतं. सावल्या मात्र आधी लावा, तासाभरात त्या सरकतात. ब्लॉकवर थेट ऊन नको: पांढरा कागद डोळे दिपवतो, रंग नकळत गडद लावले जातात आणि घरी चित्र काळवंडलेलं दिसतं. एकच गोष्ट खटकते. वरचं पान पुरतं वाळल्याशिवाय सोडवता येत नाही, कोकणातल्या दमट हवेत तर दुसरं चित्र खोळंबतंच.