कूलंट प्रेशर टेस्टर किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २०१३ ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. मागच्या दिवाळीत कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढावर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) लाल दिवा लागला. तापमानाचा काटा जागेवर होता, इंजिन तापलं नव्हतं, पण पंधराच दिवसांपूर्वी वरच्या खुणेपर्यंत भरलेलं कूलंट खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. घाट संपल्यावर गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो आणि पिण्याचं पाणी कूलंटच्या टाकीत (पुढे जिला बाटली म्हटलंय ती हीच) ओतलं. निघायच्या आधी खाली वाकून पाहिलं, तर रस्त्यावर एक थेंबही नाही.

पुण्यात परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, ३८ हजार. कुठे गळतंय ते दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, "बाहेर दिसत नाही म्हणजे आतच जळतंय." या एका वाक्याचा मला आजही राग येतो. कोणतीही चाचणी न करता, फक्त दिसलं नाही म्हणून ३८ हजारांचा आकडा सांगितला होता.

आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका म्हणाले, "अहो साहेब, हेड खोलायची घाई करू नका. आधी प्रेशर लावून बघा. माझ्याकडचा पंप तुमच्या बाटलीच्या आट्यांना बसत नाही, नाहीतर आत्ता लावून दिला असता." जाता जाता त्यांनी निळ्या द्रवाची चाचणी मात्र केली. गरम इंजिन चालू ठेवून बाटलीतली हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर निळा रंग पिवळा पडतो. पाच मिनिटं झाली तरी रंग निळाच राहिला. दोनशे रुपये घेतले त्यांनी. त्याच संध्याकाळी मी हे किट मागवलं, ३,२०० रुपयांना.

किटमध्ये हातपंप, त्यावर दाब दाखवणारं घड्याळ, मीटरभर नळी आणि वेगवेगळ्या गाड्यांना बसतील असे रंगीत अडॅप्टर आहेत. माझ्या बाटलीला निळा बसला. इंजिन थंड असताना झाकण काढायचं, अडॅप्टर फिरवून बसवायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याच्या (झाकण ज्या दाबाला उघडतं त्याच्या) वर न जाता पंप मारायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला, तर कुठेतरी गळतंय. माझ्या झाकणावर १.४ बार (दाबाचं एकक) आहे, मी १.२ वर थांबतो. त्यापुढे जाऊन जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांची परीक्षा घेऊ नये.

पहिल्या महिन्यात मी याबद्दल जे लिहून ठेवलं होतं, ते तसंच देतो:

"पाचपैकी दोन तारे. पहिल्या रविवारी काटा वीस मिनिटांत १.२ वरून ०.९ वर आला. दुसऱ्या रविवारी १.२ वरून ०.८. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. गळती आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. खाली घातलेला पुठ्ठा तिन्ही वेळा कोरडा. ३,२०० रुपयांत मला आधीच माहीत असलेली गोष्टच समजली."

आता हे मत बदललंय. पण या किटची जी खोड मला सगळ्यात जास्त खटकते, ती आधी सांगतो, कारण तिच्यापायी माझे तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारची चूक माझी होती. दुपारी गाडी फिरवून आणली होती, हात लावल्यावर इंजिन कोमट होतं. बंदिस्त जागेतलं पाणी आणि हवा थंड होत गेली की दाब आपोआप उतरतो, त्याला गळती लागत नाही. ही चाचणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर आणि सावलीतच करायची. सकाळचं ऊन बॉनेटवर आलं की काटा उलटा चढतो, हेही मी पाहिलंय.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी गाडी पूर्ण थंड होती. तरी काटा उतरला, कारण दाब किटमधूनच निसटत होता. नळी आणि अडॅप्टर जिथे एकमेकांत खटकन बसतात, त्या कपलरच्या आत एक छोटी काळी ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, आहे. तिला जोडाची रेघ होती, कारखान्यातच नीट न कापलेली, केसाएवढी. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर लावलं, तेव्हा कपलरच्या कडेला राईएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. गळती शोधायचं यंत्र स्वतःच गळत असेल, तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की परत करण्याची मुदत संपली. नाना पेठेत एका दुकानात ती रिंग दाखवली, त्याच मापाची नवी दहा रुपयांना दोन मिळाल्या. दहा रुपये! एवढ्या किमतीच्या डब्यात रंगीत अडॅप्टरांचा ढीग घालता येतो, आणि ज्या रिंगवर सगळी चाचणी उभी आहे ती नीट तपासून घालता येत नाही?

नवी रिंग बसवल्यावर मी आधी किटचीच परीक्षा घेतली. कपलरचं तोंड बंद करून १.२ बार भरला आणि जेवायला गेलो. दीड तासाने काटा जागेवर. मग गाडीला लावला. आता वीस मिनिटांत १.२ वरून १.१ वर आला. म्हणजे गाडीची खरी गळती माझ्या समजुतीपेक्षा बरीच लहान होती, उरलेला दाब किट खात होतं.

इथून या किटचा खरा उपयोग सुरू झाला.

आमच्या घरात पहिला सुगावा बायकोला लागला होता, तोही महिनाभर आधी. "गाडी बंद केली की पाक केल्यासारखा वास येतो," असं ती दोनदा म्हणाली होती. कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वास तसाच गोडसर असतो. गाडी चालू असताना नाही, बंद केल्यावरच येतो, हे तिने नेमकं टिपलं होतं आणि मी त्यावर विचार केला नव्हता. तो वास मागच्या बाजूने, फायरवॉलजवळून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळून, यायचा. माझ्या गाडीत टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, तिथेच आहे.

टर्बोच्या मधल्या भागातून कूलंट फिरतं, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर बेअरिंगमधलं तेल जळू नये. पेट्रोल टर्बोत एक्झॉस्टचा वायू ९०० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. अशा जागी एखादा थेंब गळला, तर तो जमिनीपर्यंत पोचतच नाही, जागीच वाफ होतो. म्हणून रस्ता कोरडा आणि बाटली रिकामी. "बाहेर दिसत नाही" या वाक्याचा अर्थ एवढाच होता.

रात्री दहा वाजता १.२ बार भरून ठेवला. पहाटे साडेपाचला बघितलं, काटा ०.५ वर. टर्बोवरच्या हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) मागे हात जात नाही, डोळा तर नाहीच. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च घेतला. पुन्हा १.२ भरला आणि आरसा हळूहळू टर्बोच्या पाण्याच्या पाइपाकडे नेला. तिथल्या बँजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) खाली पांढरट गुलाबी पापुद्रा धरलेला होता, नळाच्या तोंडाला क्षार धरतात तसा. आणि त्या पापुद्र्याच्या टोकाला एक गुलाबी थेंब हळूहळू भरत होता. भरला, थरथरला आणि शील्डवरून ओघळून आत गेला. मी मोबाइलवर वेळ लावली, पुढचा थेंब पन्नास सेकंदांनी. मग इंजिन चालू करण्यासाठी किट काढलं, गाडी गरम होऊ दिली आणि पुन्हा आरसा लावला. थेंब थांबला होता.

त्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याची वॉशर असतात. बोल्ट आवळल्यावर ती चेपून फट बंद करतात, आणि एकदाच चेपायची असतात. माझी गाडी दोन वर्षांपूर्वी टर्बोच्या कामासाठी उघडली होती. तेव्हा जुनीच वॉशर परत बसवली, हे काकांनी बोल्ट काढल्याबरोबर ओळखलं. वॉशरवर जुन्या चेपणीची एक कड होती आणि तिच्या शेजारी सरकलेली दुसरी. दाबलेलं, ठोकलेलं तांबं कडक होतं. तांबट आळीत मठारकाम करणारे, म्हणजे भांडी ठोकून घडवणारे कारागीर, भांडं मधूनमधून भट्टीत घालून मऊ का करतात, ते यावरून कळेल. तसं न करता कडक वॉशर पुन्हा आवळलं, तर ते फट भरत नाही. तांबं लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून गरम झाल्यावर ते घट्ट बसायचं आणि थंड होताना सैल पडायचं, असा माझा आणि काकांचा दोघांचा अंदाज आहे. गळती थंड आणि अर्धवट गरम इंजिनावरच व्हायची, हे मात्र डोळ्यांनी पाहिलंय.

चार नवी वॉशर १२० रुपये. काकांची मजुरी ९००, कारण शील्ड काढायलाच दोन तास गेले. खंबाटकीला ओतलेलं पाणी काढून टाकून नवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं, १,१०० रुपये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवलं, हवा निघाली. किटचे ३,२०० आणि निळ्या चाचणीचे दोनशे धरून सगळा खर्च ५,५२० रुपये. ओ-रिंगचे दहा आणि आरशाचे दीडशे वेगळे.

काम झाल्यावर पुन्हा रात्रभर दाब भरून ठेवला. पहाटे काटा १.२ वर होता. आठ महिन्यांत कूलंटची पातळी मी पेनाने मारलेल्या रेघेवरून हललेली नाही, आणि त्यात उन्हाळ्यात महाबळेश्वर एकदा झालं.

दरम्यान किट मेहुण्याच्या डिझेल गाडीला वापरलं. तिथे गळती वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून होती, पाच मिनिटांत सापडली. शेजाऱ्यांच्या गाडीत काटा हललाच नाही. पण बाटलीचं झाकण वेगळं तपासायचा अडॅप्टर लावला, तर झाकण ०.६ वरच दाब सोडत होतं. नवं झाकण साडेतीनशेला आलं आणि त्यांचा त्रास संपला.

घड्याळाची काच आता आतून धुरकट झाली आहे. पंपाची मूठ प्लास्टिकची आहे, ती फार दिवस टिकेल असं वाटत नाही. चाचणी करताना खाली सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या आणि पाण्याने धुवा. ते गोड लागतं आणि विषारी असतं. आमच्या पार्किंगमध्ये तीन कुत्री झोपतात, मी दर वेळी फरशी दोनदा धुतो.

तारे आता चार देतो. पाचवा देत नाही, त्या ओ-रिंगसाठी. किट घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कपलर बंद करून दाब भरा, साबणाचं पाणी लावा, आणि डब्यात दोन जादा रिंग टाकून ठेवा. माझ्या डब्यात नाना पेठेतली दुसरी अजून आहे.