सोमॅटिक थेरपी, बडोदा: उपचार घ्या, पॅकेज घेऊ नका

मी जिथे सोमॅटिक थेरपी घेत होते त्या सेंटरवरून मागच्या आठवड्यात मेसेज आला. पॅकेजची मुदत संपली, उरलेली सेशन्स रद्द, पैसे परत मिळणार नाहीत. तो आला नसता तरी उपचाराबद्दल मी लिहिणारच होते, आणि चांगलंच लिहिणार होते. ते सगळं खाली आहेच.

सोमॅटिक थेरपी काय असते हे तुम्हाला साधारण ठाऊक असेल. झालेली गोष्ट पुन्हा सांगण्यापेक्षा, तिने शरीरात जे आवळून ठेवलंय त्याकडे आधी लक्ष द्यायचं. अमेरिकन थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग ही यातली सगळ्यात परिचित पद्धत. मी तीच घेतली.

माझं कारण ऑगस्ट 2024चा पूर. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, तेव्हा पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही शहरातल्या अकोटा भागात, तळमजल्यावर. पाणी दारातून येण्याआधी बाथरूमच्या जाळीतून बुडबुड करत वर आलं. लाइट गेलेली. सासूबाईंना घेऊन रात्रभर जिन्यात बसले, डाव्या हाताने त्यांना धरलेलं, उजव्या हाताने कठडा. पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरतात हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, त्यामुळे खाली पाण्यात काही हललं की श्वास रोखला जायचा.

पाणी ओसरलं, भिंती रंगवल्या, नवा फ्रिज आला. माझा उजवा खांदा मात्र कानाशी चढलेला तो चढलेलाच. ऑर्थोपेडिककडे गेले, एक्स-रे स्वच्छ. फिजिओथेरपीने दोन दिवस बरं वाटायचं. मोरीत पाणी तुंबून आवाज आला की गुडघे ताठ व्हायचे, हात गार पडायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पूर सगळ्यांनाच आला होता." खरं होतं ते, पण त्याने खांदा खाली येत नव्हता.

सुरुवातीची सेशन्स मला अजिबात आवडली नाहीत. एका सेशनचे 1,800 रुपये, आणि त्यात काय? पाय जमिनीवर टेकवा. खोलीत सावकाश नजर फिरवा. खुर्चीची पाठ पाठीला कुठे लागते ते बघा. मी पुराची गोष्ट सांगायला लागले की थेरपिस्टबाई मध्येच थांबवायच्या, "बेन, इथेच थांबू. आत्ता पोटात काय होतंय?" पैसे मोजून माणूस मन मोकळं करायला जातो आणि ऐकणारी बाई ऐकूनच घेत नाही, याचा मला मनस्वी राग यायचा. घरी येऊन ह्यांच्याजवळ बोलूनही दाखवलं.

मत बदललं ते कठड्यापासून. त्या दिवशी बाईंनी मला खुर्चीचा लाकडी हात पकडायला सांगितला, त्या रात्री धरला होता तितकाच घट्ट. मग एकेक बोट सोडायचं, घाई न करता, आणि प्रत्येक बोटानंतर थांबायचं. करंगळी सुटली तेव्हा काही नाही. तिसऱ्या बोटाला मांड्या थरथरायला लागल्या. मी घाबरले. बाई म्हणाल्या, थांबवू नका, फक्त खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत राहा. थरथर आपोआप ओसरली, खोल जांभई आली, आणि कितीतरी महिन्यांनी खांदा खाली उतरलेला मला जाणवला. रडू आलं नाही, गळ्यात काही दाटलं नाही. भूक मात्र सणसणून लागली.

त्यामागचं त्यांनी नंतर समजावलं. लेव्हिन यांचं म्हणणं असं की संकटात पळता किंवा लढता आलं नाही की शरीर गोठतं, आणि त्या वेळी उसळलेली ताकद वापरलीच जात नाही. सगळी गोष्ट एका दमात सांगितली तर माणूस पुन्हा गोठण्याची भीती असते. म्हणून थोडं थोडं घ्यायचं, ज्याला हे लोक टायट्रेशन म्हणतात, आणि दर वेळी सुरक्षित जाणिवेकडे परत यायचं. मला मध्येच थांबवायच्या ते याचसाठी. ती थांबवण्याची पद्धत आता मला या उपचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

यात संशोधन किती, हेही बघा. 2017 साली इस्रायलमधल्या 63 जणांवरच्या चाचणीत या पद्धतीने फायदा दिसला, पण 63 म्हणजे लहानच आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली शिफारस केली ती आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्रासदायक आठवणी हाताळण्याची पद्धत) यांची. पुराव्याच्या दृष्टीने त्या पद्धती पुढे आहेत. मला हिचा गुण आला, तुम्हाला येईलच असं मी म्हणणार नाही. आणि दुखणं शरीराचं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, एक्स-रे करून मगच इकडे या.

आता पॅकेज. सुरुवातीलाच एकरकमी पैसे भरले तर थोडी सूट, मुदत तीन महिने. मधल्या काळात सासूबाई आजारी पडल्या, शिवाय कठड्याच्या सेशननंतर बाईंनी स्वतःच सांगितलं होतं की आता जरा अंतर ठेवू, शरीराला मुरू दे. त्यांचं ऐकून अंतर ठेवलं आणि रिसेप्शनने मुदत संपली म्हणून सांगितलं! आत सांगायचं की गती तुमचं शरीर ठरवेल आणि बाहेर काउंटरवर ती गती कॅलेंडरने ठरवायची, हे मला पटत नाही. ज्या उपचाराचा पायाच घाई न करणं आहे, त्याला मुदत लावणं म्हणजे उपचारच बिघडवणं. घाबरलेला माणूस तारीख डोक्यात ठेवून खुर्चीत बसला तर पाय जमिनीवर टेकतील कसे?

पावतीचाही तोच घोळ. आमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा आहे. पण पावतीवर लिहिलेलं "वेलनेस पॅकेज", आणि नोंदणी क्रमांकाचा पत्ता नाही. क्लेम फेटाळला गेला. मी तीन वेळा पावती बदलून मागितली, तिन्ही वेळा "सिस्टीममध्ये असंच येतं" हे उत्तर. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं, पण ते प्रमाणपत्र म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा परवाना नव्हे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. पहिल्या दिवशीच विचारा आणि पावतीवर लिहून मागा.

या जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात मोरीतून पुन्हा तो आवाज आला. गुडघे ताठ झाले, हे खरं. पण मी दाराच्या चौकटीला हात लावला, खोलीभर नजर फिरवली, आणि चहा उकळेपर्यंत श्वास सुटला होता. विश्वामित्रीच्या पातळीची बातमी मी अजून मोबाइलवर बघते. सगळा अकोटा बघतो.

त्याच बाईंकडे, आता त्या स्वतंत्रपणे बसतात तिथे, मी सेशनगणिक पैसे देऊन जाते. महिन्यातून एकदा पुरतं. ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा. फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतं. हा उपचार तिथे होत नाही, पण बोलायला माणूस मिळतं आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात.

सेंटरविरुद्ध ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. उरलेल्या सेशन्सचे पैसे मी सोडणार नाही.