ईसीयूला पंखा लावून आठ महिने: परभणीच्या उन्हातला अनुभव

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या गाडीत या दोघांची गाठ पडलीय. बोनेटखालचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, जर्मन बनावटीचा आणि ऊन परभणीचं.

गाडी २००९ ची डिझेल, कॉमन रेल इंजिन, दोन लाख किलोमीटर कधीच उलटून गेलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, एवढ्या म्हाताऱ्या गाडीला नावं काय ठेवायची. माझं काम बियाण्यांच्या विक्रीचं. मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड अशी फिरती, दिवसाला सात-आठ कृषी सेवा केंद्रं. दर ठिकाणी गाडी वीस मिनिटं उन्हात उभी आणि परत स्टार्टर. हे उभं राहणंच नडलं, पण ते कळायला एक अख्खा उन्हाळा गेला.

तिसऱ्या-चौथ्या दुकानानंतर गाडी सुरू केली की चेक इंजिनचा दिवा लागायचा, पिकअप गायब, मधेच मिसिंग. लिंबाखाली बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की जसं काही झालंच नाही. गॅरेजच्या उस्तादाने स्कॅनर लावला तर दर वेळी बिघाडाचा वेगळाच कोड. आधी इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर बदलला, कारण तोही गरम झाला की असाच दगा देतो. मग इंजिनची अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवली. तुमच्या गाडीला हा त्रास असेल तर ही दोन कामं आधी करा, स्वस्तात सुटाल. माझा प्रश्न सुटला नाही. शेवटी उस्तादाने ईसीयूच्या डब्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. “साहेब, हे लईच तापायलंय. पापड भाजून निघंल.” नव्या डब्याची किंमत ऐकल्यावर माझा चहा अर्धाच राहिला.

मग मी एक साधा डिजिटल थर्मामीटर आणला, त्याचा सेन्सर डब्याला चिकटवला आणि आठवडाभर नुसते आकडे लिहिले. बाहेर ४२ अंश असताना चालत्या गाडीत डबा ६१ च्या आसपास. गाडी बंद केली की मात्र पंधरा-वीस मिनिटांत ७८. वारा थांबतो, रेडिएटरचा पंखा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, आणि तापलेलं इंजिन आणि एक्झॉस्ट आपली सगळी धग बोनेटखाली सोडतात. म्हणजे डबा सगळ्यात जास्त तापायचा तो मी दुकानात बसून पाणी पीत असताना. एवढ्या तापमानाने असा डबा लगेच मरत नाही. पण रोज सात-आठ वेळा तापणं-निवणं झालं की आतल्या सोल्डरच्या सांध्यांना बारीक तडे जातात, आणि कपॅसिटरचं तर गणितच आहे, दर दहा अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं.

पहिला उपाय केला तो शुद्ध गाढवपणा. चंदेरी फॉइलचं जाड अस्तर आणून डब्यालाच गुंडाळलं. आकडा ८३! हा डबा डिझेल फवारणारे इंजेक्टर चालवतो, स्वतःही तापतो, आणि त्याचं ॲल्युमिनियमचं अंग ती उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असतं. मी त्याला भर उन्हात गोधडी पांघरली होती.

अस्तर काढून फेकलं. पत्र्याच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा तुकडा कापून आणला आणि एक्झॉस्ट आणि डबा यांच्या मधे उभा केला, दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा ठेवून. एवढ्यानेच ७८ चे ६९ झाले. खर्च किरकोळ, पंख्याच्या निम्मासुद्धा नाही. मला विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं.

मी थांबलो नाही. १२ व्होल्टचा कंप्युटरमधला पंखा घेतला आणि वायरमनने तो चावीच्या लाइनवर जोडून दिला. चावी काढली की पंखा बंद, म्हणजे नेमका हवा तेव्हाच बंद. मग फ्यूज घालून थेट बॅटरीवरून लाइन घेतली आणि मधे डब्ल्यू १२०९ हा थर्मोस्टॅट बोर्ड टाकला, म्हणजे तापमान बघून पंखा आपोआप चालू-बंद करणारा. ६० ला सुरू, ५२ ला बंद. बोर्ड डॅशबोर्डखाली ठेवलाय, फक्त सेन्सरची वायर बोनेटखाली. एक कंप्युटर वाचवायला दुसरा कशाला भाजायचा? पंखा तिथलीच गरम हवा ढवळत बसू नये म्हणून हेडलाइटमागच्या पोकळीतून हवा ओढायला बेसिनचा लवचीक पाइप जोडला. दिसायला भिकार आहे. पण उभ्या गाडीत आता डबा ६२-६३ च्या वर जात नाही.

बॅटरीची भीती सगळ्यांनी घातली. पंखा ०.२ अँपिअर खातो, पाव तासाला ते काहीच नाही. एकदा बोर्डचा रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला आणि पंखा रात्रभर फिरला, तरी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. काळ्या मातीची धूळ आणि ओल यांचा मिळून पात्यांवर गिलावा बसला, आणि ऑगस्टमध्ये पहिला पंखा कुरकुर करत गेला. आता धूळ-पाण्याला न जुमानणारा आयपी ६७ वाला बसवलाय, तिप्पट किमतीचा. पहिल्यांदाच तो घ्यायला हवा होता. उंदरांनी एकदा सेन्सरची वायर कुरतडली, तेव्हापासून ती जाड नळीतून नेलीय. आणि गाडी धुणाऱ्याला सक्त ताकीद आहे, गरम इंजिनावर फवारा मारायचा नाही. तापलेल्या डब्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि कपलरच्या, म्हणजे वायरींच्या जोडाच्या, कडेने ओल आत ओढली जाते.

मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मिसिंग एकदाच आलं, मेमध्ये, पंख्याचा फ्यूज गेला होता त्या दिवशी. झालेले तडे पंख्याने भरून येत नाहीत, डबा कधीतरी उघडावा लागेलच. ऑक्टोबर हीटमध्येही आकडा ६१ ला टेकला, तेवढा पुरे.

त्रास एकच उरलाय. दुकानात बसलो की पंखा घुं घुं सुरू होतो आणि बाहेरचं कुणीतरी ओरडतं, “ओ साहेब, गाडी चालूच राह्यली की!” सुरुवातीला उठून समजावून सांगायचो. आता चावी दाखवतो.