ग्रेटसोर्ड, ढाल की दोन शॉर्टसोर्ड? नव्या फायटरची निवड

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळायची आणि पहिल्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) बनवायचा, की बहुतेकांचा हात आधी ग्रेटसोर्डकडे, म्हणजे दोन हातांच्या तलवारीकडे जातो. २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज दिसायलाच भारी. पण आधी समोर कोण येणार ते बघा.

सुरुवातीला गाठ पडते गोब्लिनशी. त्याचा एसी (आर्मर क्लास: घाव लागायला वीस बाजूंच्या फाशाने, बोनस धरून, गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (जीव) ७. स्ट्रेंग्थ १६ असेल तर तुमचा फासा ५५ टक्के वेळा लागतो. ग्रेट वेपन फायटिंग स्टाइल (डॅमेजचा १ किंवा २ आलेला फासा पुन्हा टाकता येतो) घेतलेल्या ग्रेटसोर्डचा घाव सरासरी ११.३, ड्युएलिंगवाल्या (एका हाताच्या शस्त्राला २ जादा डॅमेज) लाँगसोर्डचा, म्हणजे ढालीसोबतच्या तलवारीचा, ९.५. फरक मोठा वाटतो, पण सातच्या वरचं डॅमेज वायाच जातं. एका फेरीत गोब्लिन मरण्याची शक्यता ग्रेटसोर्डने साधारण ५५ टक्के, लाँगसोर्डने ४९. टू-वेपन फायटिंग स्टाइल घेऊन दोन शॉर्टसोर्ड चालवल्या तर ५७, कारण दोन्ही घाव लागले की तो मेलाच.

आता उलट बाजू. चेन मेल या साखळ्यांच्या चिलखताचा एसी १६, ढालीने १८. गोब्लिनचा हल्ला +४ ने येतो (फाशात ४ मिळवून), म्हणजे त्याचा फासा लागण्याची शक्यता ४५ वरून ३५ टक्क्यांवर उतरते. तुमच्याकडे हिट पॉइंट जेमतेम १२ आणि त्याचा घाव सरासरी ५.५ चा. तीन घावांत तुम्ही आडवे. मारण्यात सहा टक्के सोडून मार खाण्यात दहा टक्के वाचत असतील, तर चौथ्या लेव्हलपर्यंत ढालच घ्यावी.

पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक (एका फेरीत आणखी एक घाव) मिळतो आणि शत्रूंचे हिट पॉइंटही वाढलेले असतात, त्यामुळे डॅमेज वाया जाणं कमी होतं. स्ट्रेंग्थ १८ धरून सगळे घाव लागले तर एका फेरीत ग्रेटसोर्ड २४.७, दोन शॉर्टसोर्ड २२.५, लाँगसोर्ड २१. त्यात ग्रेट वेपन मास्टर हे फीट, म्हणजे खास कौशल्य, असेल (फाशातून ५ वजा, डॅमेजमध्ये १० जमा), तर ग्रेटसोर्ड बराच पुढे निघून जातो. जड चिलखतवाल्या शत्रूवर मात्र तो सौदा अंगाशी येतो.

दोन शस्त्रांची खरी किंमत बोनस अ‍ॅक्शनमध्ये मोजावी लागते: दुसऱ्या हाताचा घाव फेरीतल्या त्या एकाच जादा कृतीवर चालतो. सेकंड विंडही (फायटरने स्वतःला सावरण्याची क्षमता) तिथूनच खर्च होतो, म्हणजे जखमी फेरीत दुसरी तलवार गप्प. रेंजरने हंटर्स मार्क (जादा डॅमेज देणारा मंत्र) टाकला की त्या फेरीत तेच. आणि नेहमीची चूक: एका हातात लाँगसोर्ड, दुसऱ्यात शॉर्टसोर्ड. चालत नाही, ड्युअल विल्डर फीट नसेल तर दोन्ही शस्त्रं लाइट (हलकी) हवीत.

हाफलिंग किंवा नोम या छोट्या चणीच्या वंशातले असाल तर ग्रेटसोर्डचा विचारच सोडा, हेवी शस्त्राच्या फाशाला (दोनदा टाकून कमी आकडा धरायचा, असा) डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. पॅलाडिनने (मंत्र जाणणाऱ्या योद्ध्याने) ढालीआधी थांबून विचार करावा: क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राला एक हात मोकळा लागतो, त्यामुळे वॉर कॅस्टर फीट नसेल तर तलवार म्यान करावी लागते. ग्रेटसोर्डवाला नुसता एक हात सोडतो, कारण दोन हात फक्त घाव घालताना लागतात. शिवाय ढाल चढवायला किंवा उतरवायला पूर्ण अ‍ॅक्शन जाते; लढाईच्या मधे विचार बदलायची सोय नाही.

तुमचा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) २०२४ चे नियम वापरत असेल तर गणित हलतं. शॉर्टसोर्डच्या जोडीला सिमिटर घ्या: त्याच्या निक मास्टरीमुळे (मास्टरी म्हणजे शस्त्राचा खास गुण) जादा घाव अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो, बोनस अ‍ॅक्शन सुटते. लाँगसोर्डची सॅप मास्टरी शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज देते, म्हणजे ढालवाला आणखी चिवट. ग्रेटसोर्डला ग्रेझ मिळते, चुकलेल्या घावातही स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं (स्ट्रेंग्थवरून मिळणाऱ्या बोनसइतकं) डॅमेज जातं. पण ग्रेट वेपन फायटिंगमधली नुसत्या फाशांची (मॉडिफायर सोडून) सरासरी ८.३३ वरून ८ वर आली आहे.