ऑस्ट्रेलिया पाहायचा आहे: स्वखर्चाने भटकून की आंब्याच्या बागेत राबून?

ऑस्ट्रेलियात एकट्याने मनसोक्त हिंडावे, की तिथल्या एखाद्या शेतावर राहून, कामाचे पैसे घेत तो देश पाहावा, असा विचार करणाऱ्याने आधी व्हिसाचे नियम वाचावेत आणि आवडीनिवडीचा प्रश्न नंतर सोडवावा. हे दोन्ही पर्याय एकाच प्रवासाच्या दोन तऱ्हा आहेत असे दुरून वाटते. प्रत्यक्षात त्यांची दारेच वेगळी आहेत, आणि त्यांतले एक दार बहुतेकांना बंदच मिळते.

पर्यटक व्हिसावर काम करण्यास मनाई आहे, आणि तिथल्या नियमांत काम म्हणजे ऑस्ट्रेलियात एरवी ज्याचा मोबदला मिळतो अशी कोणतीही गोष्ट. पैसे प्रत्यक्ष हातात पडले की नाही, हा मुद्दाच नव्हे. त्यामुळे ‘मी पगार घेत नाही, नुसते राहणे-जेवण घेतो’ हा युक्तिवाद विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे टिकेल, या भरवशावर राहू नये. राहण्या-जेवणाच्या बदल्यात सेंद्रिय शेतावर रोज चार ते सहा तास हातभार लावण्याची ‘वूफ’ ही पद्धत १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. सू कॉपर्ड या लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या बाईंनी ती शनिवार-रविवारसाठी काढली आणि पुढे ती जगभर पसरली. पद्धत चांगली आहे, परंतु पर्यटक व्हिसाला पळवाट म्हणून तिचा उपयोग करणे धोक्याचे आहे.

काम करायचेच तर भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’, म्हणजे उपवर्ग ४६२ हा व्हिसा आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करारामुळे तो खुला झाला आणि त्याच्या पहिल्या सोडतीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नोंदणी झाली. जागा वर्षाला १,०००. पहिल्याच वेळी नोंदणी चाळीस हजारांच्या आसपास गेली. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, इंग्रजीची परीक्षा आणि परतीच्या भाड्याखेरीज खात्यावर सुमारे ५,००० डॉलर (येथे सर्वत्र ऑस्ट्रेलियन डॉलर समजावेत) अशा अटी आहेत. सोडतीत नाव घालायला २५ डॉलर लागतात. तिशीला टेकलेल्याने हे २५ डॉलर आधी टाकावेत, कारण हिंडणे चाळिशीतही जमते, हा व्हिसा मात्र एकदा वय उलटले की पुन्हा मिळत नाही.

आता पैशाचे. जुलै २०२५ पासून तिथले किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे आणि रोजंदारीच्या कामगाराला त्यावर २५ टक्के जादा मिळतात, म्हणजे साधारण ३१ डॉलर. अडतीस तासांचा आठवडा भरला तर सुमारे १,१८५ डॉलर होतात. या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर असल्यामुळे हातात हजार राहतात. हिशेब सुखावणारा आहे, पण त्यातला ‘भरला तर’ हा शब्दप्रयोग सर्वांत महत्त्वाचा. पाऊस आला, फळ पिकायला वेळ लागला, पॅकिंगचे यंत्र बिघडले, की त्या दिवशी काम नाही आणि पैसेही नाहीत; कामगारांच्या हॉस्टेलचे भाडे मात्र चालूच असते. नगावर मजुरी देण्याची पद्धत अजून आहे, तथापि एप्रिल २०२२ पासून नगावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान दराची हमी देणे मालकाला बंधनकारक झाले आहे. निवृत्तिनिधी म्हणून मालक जी रक्कम वेगळी भरतो, ती देश सोडताना काढता येते, पण तीतून ६५ टक्के कर कापला जातो; तेव्हा ती मिळकतीत धरूच नये.

माझा भाचा देवगडचा. घरी हापूसची कलमे, त्यामुळे सोडतीत नाव निघाल्यावर आंब्याचे काम आपल्याला नवे नाही, अशा थाटातच तो गेला. ऑक्टोबरमध्ये नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीनजवळच्या एका बागेत त्याला काम मिळाले. त्याआधी एका कंत्राटदाराने ‘सोमवारपासून काम सुरू’ असे सांगत त्याला आठ दिवस हॉस्टेलचे भाडे भरायला लावून बसवून ठेवले होते. आपल्याकडे झेल्याने देठासकट फळ काढून ते अलगद क्रेटमध्ये ठेवतात. तिथे झाडांच्या रांगेतून एक यंत्र संथपणे सरकते, त्याच्या अंगावरच्या पसरट ताडपत्रीवर साबणासारख्या द्रावणाचे फवारे सुरू असतात आणि दोन्ही बाजूंनी चालणारी माणसे आंबे तोडून त्या ताडपत्रीवर टाकतात. देठातून उडणारा चीक फळाला डाग पाडण्याआधी धुतला जातो. फळाचा चीक धुतला जातो, माणसाचा नाही. चिकाची आपल्याला सवय आहे म्हणून भाच्याने पहिल्या दिवशी लांब बाह्यांचा शर्ट घातला नाही, आणि चौथ्या दिवशी त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. उन्हाचा पारा चाळिशीला टेकलेला. कॅथरीनपासून नितमिलुकची प्रसिद्ध घळई तीस किलोमीटरवर आहे. सहा आठवड्यांत ती त्याने एका रविवारी, तेही अर्धा दिवस पाहिली.

एवढ्यावरून भटकंतीच बरी, असा निष्कर्ष निघत नाही. भटकणाऱ्याला ती घळई हवी तितके दिवस मिळते, हे खरे. मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत उत्तरेकडे जायचे आणि पावसाने काकाडू या तिथल्या राष्ट्रीय उद्यानातले कच्चे रस्ते बंद होण्याआधी दक्षिणेकडे सरकायचे, हे स्वातंत्र्य मजुराला नसते. त्याला पिकाच्या मागे जावे लागते आणि पीक नेमके सर्वांत वाईट हवेत तयार होते. परंतु स्वखर्चाच्या प्रवासात अंतरे खिसा खातात. डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्ज हाच दीड हजार किलोमीटरचा पल्ला आहे. हॉस्टेलमधल्या सामायिक खोलीतली खाट रात्रीला चाळीस-पन्नास डॉलरला पडते आणि पर्यटकाला एका खेपेस सहसा तीन महिनेच राहता येते. शिवाय त्या तीन महिन्यांत भेटणारी माणसे बहुतेक प्रवासीच असतात. भाच्याला मात्र कोलकात्याहून आलेला सोबती, तैवानच्या दोघी आणि तीस वर्षे त्याच बागेत असलेला मुकादम मिळाला. बोवेन गावात रुजलेल्या आणि तिथे सर्वत्र लावल्या जाणाऱ्या केन्सिंग्टन प्राइड या आंब्याचे बी भारताशी घोड्यांचा व्यापार करणाऱ्या जहाजांतून आल्याचे मानले जाते, ही माहिती त्याला त्या मुकादमाने दिली. राहुरी-दापोलीच्या कृषी पदवीधरांना, किंवा घरी बाग असलेल्यांना, हे शिक्षण पर्यटनात मिळणार नाही. ज्याने कधी दिवसभर उन्हात काम केलेले नाही आणि ज्याला शेताचे केवळ चित्र आवडते, त्याने मात्र साठवलेल्या पैशांत दोन महिने नीट फिरून यावे.

दुखण्या-खुपण्याचा फरकही लक्षात घ्यावा. तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ भारतीय पाहुण्याला मिळत नाही, म्हणून विमा दोघांनीही घ्यावा. मात्र रीतसर नोकरीवर असलेल्याला कामावर झालेल्या दुखापतीसाठी कामगार विम्याचे संरक्षण असते, जे रोख पैशांवर चोरून काम करणाऱ्याला सहज नाकारले जाऊ शकते.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असल्यास ठरावीक भागात तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस काम करावे लागते. बिनपगारी काम, वूफसुद्धा, त्यात मोजले जात नाही. उपवर्ग ४६२ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या हॉटेल किंवा पर्यटन व्यवसायातले कामही चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चिकाची धास्ती असेल तर तो मार्ग आहे. कॅथरीनचा हंगाम सहा आठवड्यांत आटोपल्यावर भाचा क्वीन्सलँडमध्ये मरीबाला गेला, कारण तिथला आंबा उशिरा येतो. जाताना त्याने जुन्या मालकाकडून प्रत्येक आठवड्याची पगारपावती मागून घेतली आणि दिवस स्वतःच्या वहीत मोजले. दोन्ही आकड्यांत तीन दिवसांचा फरक निघाला, तो त्याने बस पकडण्याआधीच दुरुस्त करून घेतला.